पंपाची बंदूक आणि फिटरमामा

फिटरमामांपुढे कुठलीही बिघडलेली वस्तू ठेवा, पहिला अर्धा तास ते तिला हात लावायचे नाहीत. तपासायचे ते तुम्हालाच! हयात गेलेली मिरकरवाड्याच्या बंदरात मासेमारी ट्रॉलरची इंजिनं खोलण्यात. काम सोडून आमच्या वाडीत येऊन राहिले, तेव्हापासून मिक्सर, शिवणयंत्र, विहिरीवरची मोटर, सगळं त्यांच्याकडे. आणि दर वेळी तीच उलटतपासणी. "बिघडलं कधी? त्याच्या आधी तू काय केलंस? काहीच नाही केलंस? मग बिघडलं कसं?" डोकं फिरायचं माणसाचं.

माझी बंदूक अडकायला लागली तेव्हा हे सगळं मी भोगलं. आंब्याच्या कलमांच्या राखणीसाठी आमच्या घरात वडिलांपासूनचा परवाना आहे. त्यांची एकनळी जुनी झाली म्हणून मी पुढची मूठ मागेपुढे ओढायची नवी बंदूक घेतली. पंपाची बंदूक म्हटल्यावर वाडीत विचारलं, "फवारणीची काय?" फवारणीची असती तर बरं झालं असतं! पौषात कलमं मोहोरली, वानरांची टोळी उतरली, मी हवेत एक बार काढला आणि मूठ अर्ध्यावरच गच्च बसली. रिकामं काडतूस बाहेर येईना, दुसरं आत जाईना. आठ दिवस हेच. शेवटी वानरंसुद्धा शिकली. बार झाला की शेजारच्या फणसावर जायची आणि निवांत परत यायची. माझ्या डोळ्यांदेखत मोहोर ओरबाडून खात होती मेली.

मामा आले, पडवीत बसले, चहा प्यायले. "काडतुसं कुठे ठेवतोस?"

"कपाटात."

"कपाट कुठल्या भिंतीला?"

"मामा, भिंतीचा काय संबंध?"

"ओल धरते रे. काडतूस फुगतं. कुठल्या भिंतीला?"

नवी काडतुसं आणली. एक बार, मूठ गच्च. मग म्हणे, ओढताना मध्येच हात सैल सोडतोस का? पूर्ण मागे नेतोस का? मग म्हणे, तेल कुठलं घालतोस? "तेलासारखं तेल, मामा!" मी उडवून लावलं. घरातलंच खोबरेल चोळत होतो, ते सांगायची लाज वाटली. त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. कपाळावर हात मारून घेतला मी.

दुसऱ्या सकाळी टोळी पुन्हा उतरली. बार काढला, मूठ अडकली, आणि माझा तोल गेला. बंदुकीचा दस्ता खळ्यातल्या चिऱ्यावर दाणदाण आपटायला लागलो. नळी हनुवटीखाली आहे, हे ध्यानातच नाही. तेवढ्यात तपासणीला आलेले मामा पायरीवरून कसे धावले देव जाणे. त्यांनी माझ्या फाडकन थोबाडीत ठेवून दिली. बंदूक हिसकावून नळीचं तोंड बांधाकडे केलं, काहीतरी हळूहळू सोडवलं आणि माझ्या तळव्यावर दोन काडतुसं ठेवली. एक रिकामं. दुसरं भरलेलं, रिकाम्याच्या मागे येऊन अर्ध्यात अडकलेलं. "हे होतं गाढवा तुझ्या हनुवटीखाली," म्हणाले.

आणि मी? बेचाळीस वर्षांचा बाप्या, बायकोसमोर थोबाडीत खाल्लेली! म्हटलं, "मामा, उद्यापासून आमच्याकडे येऊ नका." ते पायरी उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी उजाडताना कानटोपी घालून पडवीत हजर. "तुझा राग राहू दे तुझ्यापाशी. बंदूक आण." रिकामी असल्याची तीनदा खात्री करून खोलली. आत थिजलेल्या खोबरेलाचा पिवळा लगदा. "हिला हळद कोणी लावली?" तेव्हा माझी ट्यूब पेटली. दसऱ्याला आई कोयता, पारय, विळीबरोबर बंदूकही पुजते. ती रिकामी दिसावी म्हणून मी मूठ मागे ओढून ठेवली होती आणि आईने काडतूस बाहेर पडायच्या त्या उघड्या खिडकीतच हळदकुंकू, अक्षता वाहिल्या होत्या. काडतुसाची कड धरून ओढणारा आकडा असतो, त्याच्याखाली तांदळाचा अख्खा दाणा. आकड्याला कड धरताच येत नव्हती!

आईने विचारलं, तर मामा म्हणाले, "काय नाय वहिनी, वाईच कचरा होता." आई म्हणाली, "बघा, पूजा केली म्हणून एवढ्यावर निभावलं." मामांनी मान डोलावली. माफी मागायची तीच वेळ होती. मी विचारलं, "चहा टाकायला सांगू?" ते म्हणाले, "सांग." झालं.

शिमग्यानंतर मामा लेकीकडे सावर्ड्याला राहायला गेले. भेटून येऊ, भेटून येऊ म्हणता पाऊस लागला, आणि श्रावणात ते गेल्याचाच फोन आला. बाराव्याला गेलो. पंगतीत वाढताना त्यांची लेक थांबली. "ते बंदूकवाले तुम्हीच का? बाबा सारखे म्हणायचे, आयुष्यात एकदाच कुणावर हात टाकला, त्याची माफी मागायची राहिली."

माफी म्हणे त्यांची राहिली! हातातला घास मी पानात ठेवला.

"ताई," मी म्हटलं, "त्यांनी हात टाकला म्हणून मी आज या पानावर बसलोय."

हे सांगायला मी सावर्ड्याला पोचलो, ते बाराव्याला.