गोधड्यांचा स्टुडिओ आणि मामांची जागा

फुकटची प्लगइन्स आणि किस्से, दोन्ही मुद्दाम कुणी साठवत नाही. आज एक आलं, परवा दुसरं आलं, आणि मग एक दिवस बघावं तर कॉम्प्युटर गच्च भरलेला! फरक एवढाच की प्लगइन डिलीट करता येतं. किस्से कुठे डिलीट होतात? चार टाळकी जमली की ते आपोआप वाजायला लागतात.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी सांगतो. कॉम्प्युटरवर गाणं रेकॉर्ड केलं की आवाज साफ करायचा, सुरात बसवायचा, देवळात गायल्यासारखा घुमवायचा, या प्रत्येक कामाला एकेक छोटं सॉफ्टवेअर मिळतं. त्याला प्लगइन म्हणतात. आणि ते विकत घ्यायच्या व्यसनाला आमच्याकडे संतोष म्हणतात.

संतोष माझा शाळेपासूनचा मित्र. लग्नाच्या वरातीत कीबोर्ड वाजवतो. विंझरला रस्त्याकडेला माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे आणि त्याच्या मागच्या खोलीत आम्हा दोघांचा स्टुडिओ. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना घरातल्या सगळ्या गोधड्या टांगल्यात. सुनीताने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, एकाच अटीवर परवानगी दिली, "थंडी पडली की गोधड्या खाली!"

त्यामुळे आमच्या रेकॉर्डिंगचा महिना कुठला ते ऐकूनच कळतं. आवाज घुमला की समजायचं, गाणं हिवाळ्यातलं आहे!

* * *

संतोष प्लगइन कधीच पूर्ण किमतीला घेत नाही. तो सेलची वाट बघतो. तोवर ट्रायलवर, म्हणजे फुकटात वापरून बघायच्या प्रतीवर, काम चालवायचं. काही विचारलं की एकच उत्तर, "थांब रे, सेल लागंल की!"

एकदा त्याला हवं ते सेलमध्ये मिळालं. पण आमच्या खोलीत नेट म्हणजे आलं तर आलं. प्लगइन चालू करायला नेट पाहिजेच. म्हणून हा लॅपटॉप घेऊन वेल्ह्याच्या रस्त्याला वळणावरच्या मोरीच्या कठड्यावर जाऊन बसला. तिथे रेंज मस्त येते.

तेवढ्यात एसटी आली. कंडक्टरला वाटलं, माणूस गाडीसाठीच बसलाय. गाडी थांबली.

"येताय का?"

संतोषने मान वर न करता हात दाखवला. "थांबा, थांबा, झालंच!"

त्याला म्हणायचं होतं, माझ्याशी बोलू नका. कंडक्टरला वाटलं, पाव्हणा येतोय. गाडी उभी. एकेक प्रवासी खिडकीतून डोकं काढून लॅपटॉपमध्ये बघायला लागला. एका आजीने विचारलं, "दहावीचा निकाल हाय का रं?"

शेवटी स्क्रीनवर हिरवी खूण आली आणि संतोष उभा राहून ओरडला, "झालं!"

आख्ख्या गाडीने टाळ्या वाजवल्या! आजीने खिडकीतून हात काढून त्याच्या डोक्यावर ठेवला, "पास झालास बाबा, लई बरं वाटलं." त्यालाही त्या हाताने इतकं बरं वाटलं की त्याने खरं काय ते सांगितलंच नाही.

* * *

आवाज घुमवणारं एक प्लगइन आणलं होतं. त्यात युरोपातल्या मोठमोठ्या चर्चचे घुमार भरलेले. आम्ही हौसेने भजनी मंडळाच्या बुवांच्या अभंगाला त्यातला सगळ्यात भारी घुमार लावला.

बुवांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "ग्वाड हाय. पर देऊळ कुठलं म्हनायचं?"

"बुवा, ते परदेशातलं आहे. चर्च."

"आरं, मग म्या हितं गातोय आन् आवाज तिकडं कशापायी धाडलाय?"

मुद्दा बिनतोड होता. घुमार पकडायची एक साधी पद्धत आहे. त्या जागेत एकदा मोठा आवाज करायचा आणि त्यानंतरचं घुमणं रेकॉर्ड करायचं. प्लगइन बाकीचं बघून घेतं. म्हणून आम्ही भर दुपारी गावच्या देवळाच्या सभामंडपात माइक मांडला आणि मोठ्ठा फुगा फोडला.

पुजारी सोवळं सावरत धावत बाहेर! मागून पारावर झोपलेली मंडळी! सगळ्यांना वाटलं, गॅसची टाकीच गेली. संतोष हातात फुग्याची चिंधी घेऊन उभा. पुजाऱ्यांनी छातीवर हात ठेवून दम घेतला आणि विचारलं, "वाढदिवस कुनाचाय?"

पुजाऱ्यांना काय सांगितलं ते जाऊ द्या. बुवांना नवा घुमार लावून ऐकवला तेव्हा मात्र त्यांचा चेहरा खुलला. "हां! आता आलो बघ घरी."

* * *

पालीचा वैभव ट्रेकर लोकांना राजगडावर घेऊन जातो. चढाला दमत नाही, पण गायला लागला की ऐकणारा दमतो. त्याला स्वतःच्या लग्नात वाजवायला स्वतःच्या आवाजात गाणं हवं होतं. बायकोला सरप्राइज!

सुरात बसवणारं प्लगइन आम्ही पार शेवटापर्यंत ओढलं. गाणं असं काही झालं की वैभवलाच विश्वास बसेना.

मांडवात गाणं वाजलं आणि घोटाळा झाला. मुलीकडची मंडळी पेटली. "जावईबापू, आता समोर म्हना!" वैभवच्या मुंडावळ्या थरथरायला लागल्या. संतोषने माइक हातात घेऊन जाहीर केलं, "नवरदेवाचा घसा बसलाय!" वैभवने लगेच खोकून दाखवलं. वाचलो!

पुढे नवरी सुनीताला भेटली तेव्हा म्हणाली, "वयनी, बरं झालं ओ, ते प्लगइनच निघालं. मला वाटलं, ह्यो मानूस आता रोज सकाळी गातोय का काय!"

* * *

आता नामदेवमामा. पासलीच्या वर डोंगरात धनगरांची वस्ती आहे, तिथले. मेंढरं राखतात आणि बिरोबाच्या जत्रेत ढोलाच्या तालावर ओवी गातात. वस्तीवरच्या तरण्या पोरांनी दुसऱ्या कुणाच्या ओवीवर पाय हलवलेला मी तरी पाहिलेला नाही. मामांनी कानावर हात ठेवून पहिली ओळ उचलली की अंगावर काटा येतो.

पहिल्यांदा त्यांचा आवाज आम्ही वस्तीवरच मोबाईलवर घेतला होता. मागे मेंढरांचा गलका. घरी येऊन आम्ही नको ते आवाज पुसणारं प्लगइन लावलं. नुसता मामांचा आवाज उरला, धुतल्यासारखा! संतोष तर स्वतःवरच खूश.

मामांना ऐकवलं. ऐकता ऐकता ते अस्वस्थ झाले. मोबाईल हलवून बघितला, उलटा करून बघितला. "आरं, माजी मेंढरं कुठं गेली?"

"मामा, ती काढली. आवाज साफ केला."

"काडली? मग म्या गातोय कुनापुडं?"

आम्ही मेंढरं परत घातली. मामांनी पुन्हा ऐकलं, सुस्कारा सोडला आणि चहा मागितला.

* * *

त्याच मामांच्या गळ्याला पुढे गाठ आली. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करू, धोका नाही; पण आवाज बदलू शकतो. मामा थेट आमच्या दारात. खांद्यावर घोंगडी, मागे मामी.

"जत्रंची ववी घे. आपरेशनच्या आदी माजा आवाज काडून ठिव."

ढोलकरी बाहेर ओट्यावर, मामा आत गोधड्यांमध्ये. दोघांची वेगळी रेकॉर्डिंग्ज घेतली. संतोषने मामांच्या आवाजावर एक नवीन प्लगइन चढवलं. अर्थातच ट्रायलवर. "सेल लागंल की!"

ऑपरेशन छान झालं. डॉक्टर म्हणाले, बोला, गा, काही हरकत नाही. पण मामा बोलेनातच. चहा हवा तर बोट दाखवायचे. कुत्र्याला हाकलायचं तर काठी आपटायचे. मामी आम्हाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भ्यालेत. त्वांड उगडलं आन् आवाज दुसऱ्याचा निगाला तर? म्हून तपासूनच बगत न्हाईत."

जत्रेच्या दिवशी स्पीकरचा टेम्पो दुकानासमोर हॉर्न मारत होता. घाईघाईत ओवीची पक्की फाईल काढली, सुरुवात तेवढी ऐकली आणि निघालो.

ट्रायलच्या प्लगइनला एक खोड असते. तुम्ही विकत घ्यावं म्हणून ते मधूनमधून थोडा वेळ आवाज गिळून टाकतं. ते काढायचं आम्ही दोघंही विसरलो होतो!

बिरोबाच्या देवळापुढे ओवी सुरू झाली. फेटे बांधलेली पोरं गोल धरून नाचायला लागली. मामा अगदी पुढे, घोंगडीवर बसलेले, गळ्याला उपरणं. स्वतःचाच आवाज खाली मान घालून ऐकत होते. बायका त्यांच्याकडे बघून डोळे पुसत होत्या.

आणि ऐन रंगात आलेल्या ओळीत आवाज गेला.

ढोल चालू. आवाज नाही. पोरं नाचताहेत, पण माना स्पीकरकडे. मग सगळी जत्रा आमच्याकडे बघायला लागली. संतोष टेम्पोच्या मागे! ज्या माणसाने विश्वासाने आवाज आमच्याकडे ठेवायला दिला, त्याच्यासमोरच आम्ही तो घालवला होता.

तेवढ्यात ओवीची उरलेली ओळ आली. बरोबर तालात, जिथे तुटली होती तिथूनच. मला वाटलं, सुटलो, प्लगइन परत आलं! पण स्पीकर होता डाव्या हाताला, आणि आवाज येत होता समोरून.

मामा उभे होते. कानावर हात, डोळे मिटलेले. सुरुवातीला जरा घोगरा, मग मोकळा, मग डोंगरावर जाऊन आपटणारा. त्यांचाच, अगदी त्यांचाच! मामींनी पदर तोंडाला लावला. "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" अशी आरोळी उठली की ढोल ऐकू येईना.

स्पीकरचा आवाज परत आला तसे मामा शांतपणे खाली बसले आणि त्याला गाऊ दिलं. पुन्हा तो गेला की पुन्हा उभे राहिले. शेवटपर्यंत तसंच चाललं. संतोष टेम्पोमागून आला तो रडून चेहरा लाल झालेला.

त्या आठवड्यात संतोषने आयुष्यात पहिल्यांदा सेल नसताना प्लगइन विकत घेतलं. मधल्या रिकाम्या जागा भरून, ओवी सलग, अखंड करून आम्ही वस्तीवर गेलो. मामांनी मोबाईल कानाला लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. मग तो संतोषच्या हातात परत दिला.

"झ्याक झालंय. पर माजी जागा कशापायी बुजीवली रं?"