विमानाचं पक्षांतर

एम.टेक.च्या शेवटच्या सहामाहीत माझं विमान दर वेळी चार सेकंदांत उलटं व्हायला लागलं, म्हणून मी भोपाळहून घरी निघून आले.

विमान खरं नव्हतं. लॅपटॉपच्या पडद्यावरची ती एक रेघ होती. रेघ सपाट राहिली तर विमान सरळ, वर चढत गेली तर विमान कुशीवर, आणि पडद्याबाहेर गेली की समजायचं, संपलं. माझी रेघ आधी दिवसाआड पडद्याबाहेर जात होती. नंतर नंतर तर दर वेळी.

विमान हवेत असताना एका वेळी एकच गोष्ट करत नाही. ते कुशीवर कलतं तेव्हा नाकही थोडं वळवतं, आणि नाक वळलं की आडवं घसरतं. म्हणून त्याची समीकरणं सुटी सुटी लिहून भागत नाही. सगळ्यांना एका चौकटीत, म्हणजे मॅट्रिक्समध्ये बसवावं लागतं. मग त्यात नियंत्रण घालायचं. विमान किती कललंय हे सेन्सरनं सांगायचं आणि कॉम्प्युटरनं पंखाच्या पट्ट्या हलवून त्याला परत आणायचं. मी त्यात स्वतःची एक भर घातली होती. विमान किती वेगानं फिरतंय एवढंच नाही, तर तो वेग किती झपाट्यानं बदलतोय हेसुद्धा मी कॉम्प्युटरला सांगत होते. याच भरीवर माझा प्रबंध उभा होता आणि मला तिचा फार अभिमान होता.

माझ्या गाइड सरांनी आलेख पाहिला आणि शांतपणे हिंदीत सांगितलं की नियंत्रण नव्हतं तेव्हा तुमचं विमान जास्त शहाणं होतं. दुरुस्तीला आठ दिवस दिले.

बाबा मला घ्यायला पांढुर्ण्याच्या स्टेशनवर आले होते. आमच्या सौंसरची बस मिळाली, माझी बॅग त्यांनी मांडीवर घेतली आणि बराच वेळ संत्र्यांच्या बागांकडे पाहत बसले. मग म्हणाले, "कोणत्या बाजूनं पडते?" मी म्हटलं, दोन्ही. त्यांनी मान हलवली, जणू वर्गातल्या एखाद्या पोराचा त्रास त्यांना ओळखीचा वाटला होता.

बाबा आठवीपर्यंतच्या वर्गांना तीस-बत्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले. शाळेनं टाकून दिलेला एक फळा त्यांनी घरी आणून बैठकीत ठोकलाय. फळ्याचा उजवा कोपरा आईचा. तिथं तूरडाळ, जिरं, गॅसचा नंबर अशी यादी असते आणि ती पुसायची कोणाची हिंमत नाही. आई नगरपालिकेत पाणीपुरवठ्याच्या टेबलावर बसते. यादी कशी सांभाळायची हे तिच्याकडून शिकावं.

पहिले तीन दिवस मी बाबांना कागदाजवळ फिरकू दिलं नाही. आठवीच्या मास्तरांनी एम.टेक.चं विमान बघावं, हे मला कमीपणाचं वाटत होतं. आता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा वाटत होतं. मी चूक मोठ्या मोठ्या ठिकाणी शोधत होते. पंखांचे आकडे तपासले, सेन्सरला लागणारा उशीर तपासला, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. विमान उलटतच होतं.

तिसऱ्या दिवशी जेवताना आईनं विचारलं की हे विमान आपल्या आपण उडतं का. मी म्हटलं, उडतं, थोडं डुलतं पण उडतं. तिनं वाटीत आणखी वरण वाढलं आणि म्हणाली, "मंग त्याले सुधरवून काहून राहिली तू?"

बाबा खाली मान घालून हसत होते.

चौथ्या दिवशी सकाळीच लाइट गेली. थोड्या वेळात लॅपटॉपची बॅटरीही संपली. करायला काहीच नव्हतं, म्हणून मी बाबांना म्हटलं, या, दाखवते. त्यांनी लगेच खडू दिला. लगेच म्हणजे तो त्यांच्या खिशातच होता.

चार ओळींची मॅट्रिक्स लिहायला घेतली तर ते म्हणाले, चार नको, दोनच घे. दोनाचं समजलं तर चाराचंही समजेल. मग एकेका अक्षराची ओळख करून द्यावी लागली. हे कोण, ते कोण, हा कुठून आला. पट्ट्यांच्या हालचालीचं अक्षर आलं तेव्हा मी म्हटलं, हा पायलटचा हात समजा, फक्त आता हात कॉम्प्युटरचा आहे. ते त्यांना पटलं. प्रत्येक पायरी मोठ्यानं म्हणत लिहायची, असा त्यांचा हुकूम होता. मी सव्वीस वर्षांची, फळ्यासमोर उभी राहून म्हणत होते: डावीकडे वेगातला बदल, उजवीकडे विमानाची आत्ताची स्थिती, अधिक कॉम्प्युटरचा हात. आता हाताच्या जागी त्याची किंमत घालू. विमान जिकडे कलेल त्याच्या उलट ढकलायचं, म्हणून एक पद वेगाचं, एक वेगातल्या बदलाचं, दोन्हींना वजा.

ओळ लांबत लांबत आईच्या जिऱ्यापर्यंत गेली. तिथून मी तिला खाली वळवली.

या दोन पदांतलं एक पद वेगातल्या बदलाचं होतं, माझी ती खास भर. त्याचे भाऊबंद सगळे डावीकडे, म्हणून तेही डावीकडे न्यायला हवं. मी म्हटलं, हे पद इकडे नेलं, आणि लिहिलं.

बाबांनी हात पाठीमागे बांधले.

त्यांच्या वर्गात मी तीन वर्षं बसले आहे. हात मागे गेले की फळ्यावर चूक आहे आणि ती कुठे आहे हे ते सांगणार नाहीत. मी ओळ पुन्हा वाचली. मला काही दिसलं नाही.

"पक्षांतर केलं?" त्यांनी विचारलं.

"केलं."

"मंग चिन्ह काहून नाही बदललं?"

वजा पद उजवीकडून डावीकडे आलं होतं आणि वजाच राहिलं होतं. ते अधिक व्हायला हवं होतं. माझ्या वहीत तसंच, प्रोग्रॅममध्येही तसंच. ज्या पदानं विमानाला आवरायचं तेच त्याला कोपरानं ढकलत होतं, आणि मी दोन महिने पंखांना दोष देत होते.

बाबा फार चांगले वागले. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले की आपल्याकडे पुढारीसुद्धा पक्ष बदलला की चिन्ह बदलतात, आणि आपण तर जिल्हा फुटला तेव्हा घर न हलवता छिंदवाड्यातून पांढुर्णा जिल्ह्यात आलो तरी पत्ता बदलला.

लाइट आली नव्हती. बाबा आता रंगात आले. म्हणाले, डावीकडचा हा मोठा कंस उलटा करून उजवीकडे नेऊ, आणि त्यांनी तो उजव्या बाजूच्या अगदी शेवटी लिहिला. मी म्हटलं, बाबा, मागून नाही, पुढून गुणायचं. ते म्हणाले, दोन त्रिक सहा आणि तीन दुणे सहा, मागून काय आणि पुढून काय. मी म्हटलं, मॅट्रिक्समध्ये उत्तर बदलतं. त्यांना वाटलं, मी वजाचा सूड घेतेय.

फळ्यावर जागा नव्हती. संत्र्यांचा एक रिकामा खोका होता, तो फाडून त्याच्या आतल्या बाजूला त्यांनी दोन लहान मॅट्रिक्स घेतल्या. आधी एका क्रमानं गुणल्या, मग दुसऱ्या. उत्तरं वेगळी आली. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा आकडे बदलून केलं. मग पेन बंद करून ते स्वयंपाकघरात गेले. आई रजेवर होती, पोहे भिजवत होती. ते तिला सांगत असल्याचं मला ऐकू आलं: "अवं, गुणाकाराचा क्रम बदलला तं उत्तर बदलते. मले आजवर माहीत नव्हतं." आईनं विचारलं, मग पोरांना शिकवलं ते चुकलं का. ते म्हणाले, नाही, ते साध्या आकड्यांचं होतं. पण आवाजात शंका होती.

चार वाजता लाइट आली. मी एका ओळीतल्या वजाचं अधिक केलं आणि प्रोग्रॅम चालवला. रेघ वर गेली, खाली आली, एकदा हलकेच डुलली आणि सपाट झाली. सपाटच राहिली. बाबांनी आईला हाक मारली. तिनं हात पुसत येऊन पडद्याकडे पाहिलं आणि विचारलं की एवढ्या आडव्या रेघेसाठी पोरगी तीन दिवस नीट जेवली नाही का. आम्ही दोघंही हो म्हणालो.

गाइड सरांना फोन करताना खूप मोह झाला की सॉफ्टवेअरवर ढकलावं. पण खरं सांगितलं. सर म्हणाले की ते पान त्यांनीही दोनदा तपासलं होतं, आणि तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. मी सांगितला. बाबा त्या संध्याकाळी कारण नसताना बाजारात जाऊन आले, आणि तासाभरानं परतले तेव्हा निम्म्या सौंसरला माझं विमान माहीत झालं होतं.

आता मी बंगळुरात नोकरी करते. बाबांनी कुठूनतरी बारावीचं पुस्तक मिळवलंय आणि मॅट्रिक्सचा धडा पहिल्यापासून सोडवतायत. रविवारी फोन येतो, तब्येत-पाणी आई विचारते, बाबा थेट उदाहरण क्रमांक सांगतात. मागच्या रविवारी ते अडले होते. म्हणाले, "एकाचा व्यस्त निघूनच नाही राहिला. सकाळपासून करून राहिलो." मी आकडे लिहून घेतले आणि पाहिलं तर त्या मॅट्रिक्सचा निश्चयक, म्हणजे डिटर्मिनंट, शून्य होता. त्यांना सांगितलं की अशा मॅट्रिक्सला व्यस्त नसतोच, ती उलटी करताच येत नाही.

बाबांना हे आवडलं नाही. म्हणाले, कच्चं पोर म्हणून आपण कोणाला वर्गाबाहेर काढलं नाही; मी आणखी एकदा करून पाहतो.