ओठ हलले म्हणून

माझ्या आजोबांचा खून झाला, कारण त्यांचे ओठ हलले.

तो खून जिनं सात वर्षांची असताना डोळ्यांनी बघितला, ती माझी कौसाआत्या आज सकाळी गेली.

कमेंटमध्ये आरआयपी लिहू नका कुणी. चिडेल ती. "शब्द पुरा लिहाय हात मोडलेत का?" म्हणेल.

शाळेसाठी मी तिच्याकडं सोनपेठला राहिले. वाचायला तिनंच शिकवलं, आणि लाडानं अजिबात नाही. अडखळलं की टाळक्यात टपली.

"वाचायलीस का खडे निवडायलीस?"

मी रडायचे. ती म्हणायची, "रडत वाच. पण थांबू नको."

दहावीत असताना एकदा भडकून विचारलं, एवढी कसली गं घाई तुला? तेव्हा तिनं सांगितलं.

निजामाचं राज्य शेवटाला आलेलं. गोदाकाठचं आमचं गाव. शाळा उर्दू, तिथं उजवीकडून डावीकडं वाचायचं. मराठी शिकायचं ते घरातच, आबांच्या पुढ्यात बसून. आबा म्हणजे तिचे वडील, माझे आजोबा.

आबांची पद्धत ठरलेली. ओळ आधी ते वाचणार. मग दोघं मिळून. मग ती एकटी. ती अडली तर आबा आवाज काढायचे नाहीत, नुसते ओठ हलवायचे. तिनं वर बघायचं, ओठांवरनं शब्द उचलायचा आणि पुढं जायचं.

"लय ग्वाड वाटायचं गं," आत्या म्हणाली.

मग चावडीवर कुणीतरी निजामाविरुद्धचं मराठी पत्रक चिकटवलं. आबांनी ते गावाला मोठ्यानं वाचून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी बंदुकवाले आले. सगळ्या गड्यांना पारावर आणून बसवलं, बायापोरांना समोर उभं केलं. आधी लाथ, मग प्रश्न. वाचून कुणी दाखवलं? शेजारच्या म्हादूकाकांचा हात पारावर ठेवून दगडानं ठेचला. बोटांचा चेंदामेंदा झाला. काका बोलले नाहीत. गावही बोललं नाही.

आबा म्हणाले, "आमी अडाणी मानसं, सरकार. वाचाय येत न्हाई."

म्होरक्यानं आत्याची वेणी धरून तिला पुढं ओढलं. पत्रक तिच्या तोंडासमोर धरलं.

"पढ, छोकरी."

पोर हुशार. तिला कळलं, घडाघडा वाचलं तर बाप मेला. घरात कुणीतरी शिकवतंय हे लगेच ध्यानात येणार. म्हणून तिनं उर्दूसारखं उजवीकडून सुरू केलं. मुद्दाम अडखळली.

पत्रकावर होतं, 'भिऊ नका.'

ती म्हणाली, "का... न... ऊ... भि..."

बंदुकवाले खो खो हसायला लागले.

म्होरक्या हसला नाही. तो पत्रकाकडं बघतच नव्हता. आबांकडं बघत होता.

आबांचे ओठ हलले. भिऊ नका.

पोरीनं चूक वाचलं आणि बापाला राहवलं नाही. बास, एवढंच झालं.

बंदुकीचा दस्ता आबांच्या तोंडावर बसला. दात मातीत पडले. ते उठायला गेले, परत बसला. आजी तान्हं पोर कडेवर घेऊन किंचाळत धावली, तिला लाथेनं आडवी केली. ते तान्हं पोर म्हणजे माझे वडील. मग आबांना पाय धरून चिंचेखाली फरफटत नेलं आणि गोळी घातली. तोंडातच.

आत्याला सोडून दिलं. अडाणी पोर म्हणून.

"इतकी वर्सं झाली," ती मला म्हणाली, "तरी मला कळंना. आबा माजी चूक सुधरायले व्हते, का मलाच सांगायले व्हते? भिऊ नका म्हनले का भिऊ नको, ओठावरनं काय कळतंय?"

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. तिनं थोडा वेळ रडू दिलं, मग टपली मारली आणि पुस्तक उघडायला लावलं.

शेवटचा महिनाभर ती अंथरुणावर होती. वाचा गेलेली. मी रोज पेपर वाचून दाखवायचे. घाईत एखादा शब्द चुकला, की डोळे मिटलेलेच, पण ओठ हलायचे. नर्सला वाटायचं आजी पाणी मागायलीय. पाणी कसलं! बाई मला दुरुस्त करायली होती.

आज सकाळी तिचा हात गार लागला. मी पेपर उघडला आणि मथळा मुद्दाम चुकवला. परत चुकवला. मग उजवीकडून वाचला.

ओठ हलले नाहीत.

जा आत्या. आबा वाट बघायलेत. ओळ आधी ते वाचतील, मग तुमी दोघं मिळून वाचा.

भिऊ नको.