कागद माझे, शब्द आत्याचे

बाबा गेल्यावर त्यांच्या पेटीत आत्याची पत्रं सापडली. दरेकशाहून तिने भावाला लिहिलेली पोस्टकार्डं आणि आंतरदेशीय पत्रं, सुतळीने बांधलेली. जंगलातली मजुरी, सासूचा दमा, सारं त्यात होतं. गोंदियातल्या एका छोट्या प्रकाशकाला ती आवडली. पण तो म्हणाला, "कागज आपके हैं भैया, लिखा हुआ उनका है. उनकी साइन लगेगी."

मला त्याचाच काही डाव वाटला. वकिलाला विचारलं, तर तोही तेच म्हणाला. पत्र ज्याला आलं, त्याचा कागद. छापायचा हक्क लिहिणाऱ्याचा.

संमतिपत्र घेऊन दरेकशाला गेलो. आत्या अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. आतेभावाने कागद उलटसुलट केला, उन्हात धरला.

"मामाच्या घरचा कागद आहे, पाहूनच घ्या लागते," तो म्हणाला.

"पुस्तकाचा आहे," मी म्हणालो.

"मागं बोअरिंगचा म्हणला होतास, बाबू," आत्या म्हणाली.

आमच्याकडे भाऊ बहिणीच्या दारी कागद घेऊन गेला, की तो बहुतेक हक्कसोडीचाच असतो. चोरखमारा तलावाच्या पाण्यावरच्या धानाच्या बांधीतला, वडिलोपार्जित भातशेतातला, तिचा हिस्सा बाबांनी असाच सोडवून घेतला. तो बोअरिंगचा अर्ज आहे, असं तिला मीच सांगितलं होतं, आणि तिने तो न वाचताच सही केली. साक्षीदार म्हणून सहीही माझीच.

"तवा म्या तुह्या बापाले चिठ्ठी लिहिली होती. थे आहे का त्याच्यात?"

नाही म्हणणं सोपं होतं.

"आहे. मी बाजूला काढून ठेवली."

"काऊन?"

तिने फुलांवरून हात फिरवला.

"थे पहिल्या पानावर छापून आन. पाहीन, मंगच सही."

परत येऊन ते पत्र कच्च्या छपाईला दिलं. टाइप करता करता प्रकाशकाने विचारलं, "ये झूठ बोलनेवाला लड़का कौन है, भैया?"

"मैं."

त्याने मान वर केली नाही. नंतर एवढंच म्हणाला, "ये पन्ना रखना है न? पक्का?"

त्या पानाचा कागद आता माझ्या पिशवीत आहे. उद्या सकाळच्या गाडीने दरेकशाला जातोय. आतेभाऊ तोही उन्हात धरून पाहील. त्याचं बरोबरच आहे.