पदर सांभाळा, अर्जनवीस

“पदर सांभाळा, अर्जनवीस!”

भोरच्या कचेरीच्या ओट्यावर, बाजाराच्या दिवशी, भर माणसांत हे शब्द माझ्या अंगावर टाकण्यात आले. टाकणारे गृहस्थ वकील होते. मोठ्या घराण्यातले, पुण्यास राहून शिकलेले. ते पायऱ्या उतरत होते. मी माझ्या बैठ्या मेजापाशी एका धनगर म्हातारीला तिचा अर्ज वाचून दाखवीत होतो. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला तिची वाडी. तिच्या शेळ्या कोंडवाड्यात घातल्या होत्या. मजकूर उत्तम उतरला होता. ‘तरी मेहेरबान साहेबांनी कृपावंत होऊन’ इथवर मी आलो होतो आणि माझा उजवा हात, नेहमीप्रमाणे, वाक्यासोबत वर गेला होता.

वकीलसाहेबांनी तो हात पाहिला. खांद्यावर नसलेले लुगडे चिमटीत धरले, मान वेळावली आणि ते शब्द उच्चारले.

ओटा हसला. शिपाई हसला. कारकून खिडकीतून वाकून हसला. सगळे हसतात म्हणून म्हातारीही हसली. मग तिने मला विचारले, “काय म्हनलं वो सायेब?”

“काही नाही, मावशी. अंगठा इथं.”

मी अर्जनवीस आहे. माझी शाळा लवकर सुटली, परंतु विद्या सुटली नाही. संस्थान असल्यापासून मी या ओट्यावर बसत आलो. संस्थान विलीन झाले, दरबारचे मायने गेले, नवे आले. ते मी कोणाच्याही शिकवण्यावाचून आत्मसात केले. उत्रोलीपासून पार वेल्ह्यापर्यंत ज्याला सरकारशी बोलायचे आहे, तो माझ्या तोंडाने बोलतो. हे मी अभिमानाने लिहितो. अशा माणसाचे एका वाक्यात सोंग करून टाकण्यात आले.

तो पदर वकिलांचा नव्हता. तो सिनेमातला होता.

त्याआधी मला नाव नव्हते. हे नीट समजून घ्यावे. मिसरूड फुटले तेव्हापासून मला ठाऊक होते की, माझे मन पुरुषाकडे पाहून हलते, स्त्रीकडे पाहून हलत नाही. कचेरीत जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला शब्द आहे. जिरायत, बागायत, वरकस, गायरान. माझ्यासारख्याला शब्द नव्हता. शब्द नव्हता म्हणून कोणी हाकही मारीत नव्हते. माझी चाल लचकती, माझे हात बोलताना हलते. लोक म्हणत, त्याचे तसेच आहे. एवढेच. माझे लग्नही लावले गेले. बायको कामथडीची. ती एका दिवाळीला माहेरी गेली ती परत आली नाही. तिचा दोष नव्हता. तिने कोणाला काही सांगितलेही नाही.

मग सुगी सरल्यावर नीरेच्या काठी मैदानात सिनेमाचा तंबू आला.

तंबूत मधोमध दोरी. दोरीच्या एका अंगाला बायका, दुसऱ्या अंगाला पुरुष, मागे खुर्च्यांवर गावातील बडी मंडळी. बाहेर इंजिन धडधडत असे. मी जमिनीवर, माणसांच्या मध्ये बसलो. त्या बोलपटात एक नोकर होता. तो नायकाच्या मित्राच्या मागे मागे करी. खांद्यावरचे उपरणे छातीशी घेऊन म्हणे, ‘अगंबाई, माझा पदर!’ आणि तो मित्र त्याला लाथ मारी. तो पडे. उठे. पुन्हा लाथ. त्याला घर नव्हते. आई नव्हती. साऱ्या बोलपटात सगळ्यांना गाणे होते, त्याला नव्हते. शेवटी सगळ्यांची लग्ने लागली, तेव्हा तो अक्षता वाटत होता.

तंबू हसून हसून लोळत होता. मीही हसलो. दोन्ही बाजूंना माणसे होती. न हसणारा माणूस उठून दिसतो.

दुसऱ्या सकाळी गावाला शब्द मिळालेला होता. तो घेऊन गाव माझ्याकडे आले. चहाच्या दुकानात पदर. न्हाव्याकडे पदर. एस.टी.च्या थांब्यावर पदर. ज्यांनी मला वर्षानुवर्षे पाहिले होते, त्यांना मी त्या एका खेळानंतर दिसू लागलो. माझी चाल माझी राहिली नाही, त्या नोकराची झाली. मी हात मांडीखाली दाबून बसू लागलो. अर्ज वाचताना हात वर जाऊ नये म्हणून डाव्या हाताने उजव्याचे मनगट धरू लागलो.

आणि उपाय? तोही मी त्याच पडद्यावर शोधला. नायक कसा चालतो ते पाहिले. खांदे ताठ, पाऊल जड, हनुवटी किंचित वर. उत्रोलीच्या रस्त्याला भातखाचरांच्या कडेने, कोणी नसताना, मी ती चाल गिरवली. चाळिशी ओलांडलेला माणूस, बांधावरून नायकासारखा चालतो आहे. एकदा एका गुराख्याने मला विचारले, “पायाला काय लागलं का वो?”

तरीही मी तंबूत जात राहिलो. न जाऊन कुठे जाणार? नायकाचा चेहरा पडद्यावर मोठा होऊन येई, डोळ्यांत पाणी, ओठ हलणारे. इतक्या जवळून मला पुरुषाचा चेहरा दुसरे कोण पाहू देणार होते? अंधारात माझ्याकडे कोणाचे लक्ष नसे. लाथा घालणारी आणि हे सुख देणारी जागा एकच होती. दोन्ही एकाच तिकिटात मिळत.

तंबूतच मला दगडू भेटला.

दगडू मार्गासनीचा. माझ्याहून थोडा लहान, सडपातळ, आवाज गोड. दिवसा तो बैलगाडीला चित्रांच्या फळ्या बांधून गावोगाव खेळाची जाहिरात करी. हलगी वाजवी आणि नायिकेच्या आवाजात संवाद म्हणे. संध्याकाळी दोरीपाशी उभा राही. त्याने माझ्यासारखे हात कधी लपवले नाहीत. पहिल्या भेटीतच म्हणाला, “अर्जनवीस, तुमी नायकाची चाल धरलीया. पर टाचा लई आपटता. त्यो आपटत न्हाई.”

गावात दुसऱ्या कोणी हे म्हटले असते तर मी मेलो असतो. त्याने म्हटले आणि मी हसलो. खरे हसलो.

पुढे सकाळच्या वेळी आम्ही नदीच्या उतारावर बसू लागलो. त्या बसण्याविषयी मी अधिक लिहिणार नाही. ते आमचे होते. एकदा तो म्हणाला, “गानं लागलं की म्या तिच्या जागी उबा ऱ्हातो. त्यो तिला न्हाई, मलाच म्हनतोय असं धरायचं. मग समदा शिनेमा आपला.”

“आणि तो नोकर?” मी विचारले.

त्याने पाण्यात एक खडा टाकला. मग म्हणाला, “पडद्यावर आपल्यातला तेवढाच हाय. आन त्यो लाथा खातोय.”

तंबूत यंत्र एकच. रीळ संपले की दिवे लागत आणि दुसरे रीळ चढेपर्यंत लोक कंटाळत. मागच्या खुर्चीतून वकीलसाहेब आरोळी देत, “दगड्या, पदर!” मग दगडू पडद्यापुढे येई, उपरणे छातीशी घेई, तो संवाद म्हणे आणि स्वतःच्या पायाने पडून दाखवी. तंबूचा मालक खूश असे. दगडू ते करताना माझ्याकडे कधी पाहत नसे. मीही जमिनीकडे पाही.

एका खेळाला तो आला नाही. दोरीपाशीच हाताची घडी घालून उभा राहिला.

“दगड्या, पदर!”

“आज न्हाई, सायेब. रोज रोज लाथ कोन खाईल?” मग अगदी नम्रपणे तो म्हणाला, “तुमीच या की पुढं. तुमी माज्यापरीस झ्याक करता. कचेरीवर बघितलंय म्या.”

तंबू फुटल्यासारखा हसला. दोरीपलीकडच्या बायकासुद्धा. या खेपेस हसणे खुर्चीकडे गेले होते.

सकाळी वकीलसाहेब माझ्या मेजापाशी आले. सोबत पाचसहा गावकरी होते, जे त्यांचे कसले ना कसले देणे लागत होते किंवा ज्यांचे त्यांच्यापाशी काम अडले होते.

“अर्जनवीस, एक अर्ज लिहायचाय. मीच लिहिला असता. पण गावकऱ्यांच्या तोंडचा हवा. शिवाय विषय तुमच्या हाताला शोभणारा आहे.”

त्यांनी विषय सांगितला. विषय दगडू होता. मी म्हणालो, “साहेब, त्या माणसानं केलंय काय?”

“लिहिणाऱ्यानं विचारायचं नसतं. तुमचा परवाना नवा करून घ्यायचाय ना? मामलेदारसाहेब माझ्याकडे चहाला असतात.”

मी लिहिले. होय, लिहिले. टाक माझ्या हातात होता आणि हात माझा नव्हता. वकील सांगत गेले आणि मी सवयीने त्यांच्या ओबडधोबड बोलण्याला वळण देत गेलो. नावाची जागा त्यांनी कोरी ठेवायला लावली. दगडूच्या बापाचे नाव पाटलाकडून आणवायचे होते.

आता आमच्या कामाची रीत अशी की, अर्ज लिहून झाला म्हणजे लिहिणाऱ्याने तो मोठ्याने वाचून दाखवायचा. मग विचारायचे, समजले का? समजले म्हटल्यावर अंगठे. अंगठ्यांखाली ‘वाचून दाखविले’ असे लिहून लिहिणाऱ्याने स्वतःचे नाव घालायचे. त्या नावावाचून आमचा अर्ज टेबलावर चढत नाही.

मी उभा राहिलो. वाचू लागलो.

“सदर इसम जातीने पुरुष असून त्याची चाल, त्याचे हातवारे व बोलण्याची ढब स्त्रियांसारखी आहे. सदर इसम सिनेमाच्या तंबूत नित्य बसतो. सदर इसमास बायकापोरांचा संसार नाही. सदर इसमाच्या अशा वर्तनाने तरुण मंडळी बिघडत असून सभ्य लोकांस मान खाली घालावी लागते. सबब सदर इसमास या तालुक्यातून घालवून देण्यात यावे.”

वाचता वाचता डाव्या हाताने मनगट धरायचे राहून गेले. हात वाक्यासोबत वर गेला. ‘सबब’पाशी तो हवेत होता.

“समजलं का?” मी विचारले.

सगळ्यांत पुढे उत्रोलीचा एक म्हातारा उभा होता. त्याच्या अंगठ्याला शिपायाने शाई लावून ठेवली होती. तो म्हणाला, “समजलं की. पर येक इचारू का?”

“विचारा.”

“ह्यो अर्ज तुमच्यावरच हाय न्हवं?”

कोणी हसले नाही. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. त्याने कान देऊन अर्ज ऐकला होता, समोर पाहिले होते आणि जे दिसले ते विचारले होते. माझा हात खाली आला, तेव्हा तो हलक्या आवाजात म्हणाला, “मग सोताच्या हातानं कशापायी लिवताय, बाबा?”

इतकी वर्षे मी लोकांचे म्हणणे शब्दांत मांडले. माझे म्हणणे त्या म्हाताऱ्याने मांडले.

“होय,” मी म्हणालो. “माझ्यावरच आहे.”

मी कागद वकिलांपुढे ठेवला. “ह्याखाली माझं नाव येणार नाही.”

“बघा,” ते ओट्याकडे वळून म्हणाले, “बाईसाहेब रुसल्या.” आणि चिमूट खांद्याशी नेली.

ओटा पुन्हा हसला. पहिल्याइतकाच हसला. माझ्या नकाराने त्यात काहीही कमी झाले नाही. म्हातारा तेवढा हसला नाही. त्याने अंगठ्याची शाई धोतराला पुसली आणि तो पायऱ्या उतरून गेला.

वाचणाऱ्याला वाटेल की दगडू वाचला. नाही वाचला. अर्ज दुसऱ्याने लिहिला. तो पुढे सरकायचीही गरज पडली नाही. वकिलांनी तंबूच्या मालकाला बोलावून घेतले आणि मालकाने त्याच दिवशी दगडूच्या हातातली हलगी काढून घेतली. मार्गासनीत भावांनी दार लावले.

एस.टी.च्या थांब्यावर तो गाठोडे घेऊन उभा होता. मी गेलो. लोक पाहत होते.

“तुमी नाव घातलं न्हाई. कळलं मला,” तो म्हणाला.

“उपयोग झाला नाही.”

“न्हाई झाला,” तो म्हणाला. मग जरा हसला. “पुन्याच्या थेटरात म्हनं दोरी नसती. समदे खुर्चीवर.”

“पडद्यावर तोच असेल.”

“व्हय. त्योच.”

गाडी गेली. त्याला लिहिता येत नाही. मला येते, पण त्याचा पत्ता नाही. अख्ख्या तालुक्याचे कागद ठिकाणी पोचवणारा मी, मला त्याला चार ओळी पोचवता येत नाहीत.

माझा परवाना नवा झाला नाही. आता मी कचेरीच्या भिंतीबाहेर चिंचेखाली बसतो. लोक अजून येतात. मी लिहून देतो, वाचून दाखवतो, आणि नाव आत ओट्यावर बसणारा, परवाना असलेला दुसरा अर्जनवीस घालतो. वाचताना माझा हात वर जातो. मी तो धरीत नाही. येणारे जाणारे ‘पदर’ म्हणतातच. नायकाची चाल मी सोडून दिली आहे.

या वर्षीही नीरेकाठी तंबूच्या बल्ल्या रोवल्या गेल्या आहेत. बैलगाडी काल बाजारातून फिरली. हलगी दुसऱ्याच्या हातात आहे. फळीवर तोच बोलपट रंगवला आहे, लोकांना फार आवडतो म्हणून पुन्हा आणला आहे. कोपऱ्यात तो नोकर आहे, उपरणे छातीशी धरलेला.

मी जाणार आहे. पुरुषांच्या बाजूला, दोरीला लागून, जिथे यंत्राचा उजेड डोक्यावरून जातो, त्या जागी बसणार आहे. लाथ मारायला तो मित्र पाय उचलील, तेव्हा मी उठून उभा राहीन. पडद्यावर माझी सावली पडेल. नोकर दिसणार नाही, लाथही दिसणार नाही. लोक ओरडतील, ‘खाली बसा!’ मागून वकिलांचा आवाज येईल. तो कोणता शब्द उच्चारील, हे मला ठाऊक आहे.

मी खाली बसणार नाही. चौघांनी उचलून बाहेर घातले तर घालोत. दुसऱ्या खेळाला पुन्हा येईन आणि त्याच जागी पुन्हा उभा राहीन. ह्याखाली मात्र माझे नाव घालायला मी तयार आहे.