पुष्करिणीचा शेवटचा प्रवेश

चाकणच्या एका कंपनीत गेली अठरा वर्षं मी क्वालिटीत आहे. जे मोजता येत नाही ते खरं धरायचं नाही, ही सवय अंगात मुरलेली. भूत, आत्मा, संकेत... अशा गप्पा कँटीनमध्ये निघाल्या की मी ताट उचलून दुसऱ्या टेबलावर जायचो. त्यामुळे हे लिहिताना अवघडल्यासारखं होतंय. पण अवघडण्याचं खरं कारण वेगळं आहे, ते ओघात येईलच.

आम्ही संत तुकाराम नगरात राहतो. खालच्या मजल्यावर विमलआजी, वय ऐंशीच्या पुढे, एकट्याच. दोन्ही डोळ्यांनी अगदी अंधुक दिसतं. मी कंपनीच्या नाटकांत काम करतो हे त्यांना ठाऊक होतं. मागच्या वर्षी एकदा त्यांनी मला बोलावलं आणि जुन्या नऊवारीत गुंडाळलेलं एक पुस्तक हातात ठेवलं. 'संगीत पुष्करिणी'. पानं पिवळी पडून कडांना तुकडे सुटत होते, मधून मधून कसरीची भोकं. आणि शेवटची आठ पानं नव्हतीच.

"माझ्या आजोबांचं आहे," आजी म्हणाल्या. "सव्वीस वर्षं नाटक मंडळीत प्रॉम्प्टर होते. हे त्यांनी लिहिलं. पण मालकानं हँडबिलावर स्वतःचं नाव छापलं. गावोगाव प्रयोग झाले, अन् आजोबा विंगेत उभे राहून स्वतःचंच नाटक दुसऱ्यांना सांगत होते. म्हातारपणी स्वतःच्या नावानं एवढं छापून घेतलं, तेव्हा मंडळी बुडालेली होती. तू हे कर. फक्त त्यांचं नाव तेवढं मोठ्यानं म्हण, बाळा."

मी हो म्हणालो.

कामगारांच्या नाट्यस्पर्धेसाठी मी ते तासाभराचं केलं. पदं काढली, भाषा सोपी केली, शेवट नसल्यामुळे तो मी लिहिला. बारा वर्षं टाकून दिलेली राणी पुष्करिणी, पश्चात्तापानं परत आलेला राजा, आणि ती त्याला माफ करते... असा. प्रवेशिका भरताना 'लेखक' या रकान्यापाशी थांबलो. मनात म्हटलं, निम्मं तर मीच लिहिलंय. हे पुस्तक दुसऱ्या कुणी बघितलंय तरी का? आणि तिथे माझं नाव लिहिलं. एवढंच. एका मिनिटाचंही काम नव्हतं.

प्रयोग दुपारी साडेबाराचा, पिंपरीतच. पुष्करिणीचं काम रेखा करत होती. आमच्या असेंब्ली लाइनवरची मुलगी, मूळची लातूरकडची, पाठांतर एकदम पक्कं. मी डाव्या विंगेत संहिता घेऊन उभा. शेवटच्या प्रवेशात राजा गुडघ्यावर बसला. आता रेखानं त्याला हात धरून उठवायचं होतं.

तिनं हात पुढे केलाच नाही.

ती गप्प झाली. मला वाटलं विसरली. मी ओळ सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती बोलायला लागली. पण मी लिहिलेलं नव्हे! जुन्या वळणाची, संथ, एकेक शब्द तोलून टाकलेली भाषा. "महाराज, बारा वर्षं या दाराशी मी आपली वाट पाहिली नाही. मी माझीच वाट पाहत होते." चार-पाच मिनिटं ती बोलत होती. शेवटी राजाला तसंच बसलेलं सोडून ती उजवीकडून निघून गेली. पडदा पडला आणि सगळं नाट्यगृह उभं राहिलं.

मी धावत मागे गेलो. "रेखा, हे काय बोललीस तू? कुठून आणलंस?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "म्हणजे? तुम्हीच तर मागून सांगायले होते की, सर! आवाज बसलाय का तुमचा? मधी मधी लई खोकत होते."

मी एक शब्दही बोललो नव्हतो. खोकलो तर नाहीच.

त्या दिवशी लेखनाचं पहिलं बक्षीस जाहीर झालं. नाव माझं पुकारलं. मी स्टेजवर गेलो, हसलो, फोटो काढून घेतला. आज लिहिताना त्या माणसाची मला लाज वाटते.

रविवारी आजींना मोबाईलवर प्रयोगाचा व्हिडिओ ऐकवायला गेलो. सुरुवातीला अनाउन्समेंट होती, 'लेखक-दिग्दर्शक' म्हणून माझं नाव घेणारी. मी ती पुढे ढकलली आणि थेट शेवटचा प्रवेश लावला.

रेखाचं बोलणं सुरू झालं आणि आजींचे ओठ हलायला लागले. तिच्याबरोबर, जवळजवळ शब्दाला शब्द. लहानपणी आजोबा रोज संध्याकाळी पायरीवर बसून हे म्हणायचे, त्यांनी नंतर सांगितलं. मीही रेखाला विंगेतून ऐकू आलेल्या त्या खोकणाऱ्या आवाजाचं सांगितलं. माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, "तू त्यांचं नाव लावलंस ना... म्हणून आले ते."

त्यांनी केलेला चहा पिऊन घरी आलो.

तीन आठवडे मी जिन्यात त्यांचं दार टाळत होतो. चौथ्या आठवड्यात फर्स्ट शिफ्टवरून परतताना युनिफॉर्मवरच आत गेलो आणि सगळं सांगून टाकलं. रकान्याचं, बक्षिसाचं, पुढे ढकललेल्या अनाउन्समेंटचं. आजी पदराचा काठ चाचपत बसल्या. मग म्हणाल्या, "तो मालक कधी सांगायला आला नाही. वही काढ."

त्यांनी शेवटचा प्रवेश सांगितला, मी उतरवला. मग व्हिडिओशी ताडून पाहिला. सगळं जुळलं, एक वाक्य सोडून. ते मी त्यांना पुन्हा ऐकवलं. राणी म्हणते, "क्षमा नंतर, महाराज. आधी अपराध मोठ्यानं उच्चारा."

आजींनी मान हलवली. "हे नव्हतं रे. हे आजोबांनी कधीच म्हटलं नाही."

मी आयोजकांना पत्र लिहिलं, प्रमाणपत्र परत केलं. कंपनीत अजून लोक टोमणे मारतात, ते रास्तच आहे. पुण्यातल्या दोन जुन्या ग्रंथालयांत शोधलं, त्या पुस्तकाची दुसरी प्रत मिळाली नाही. व्हिडिओ हेडफोन लावून कितीदा ऐकला. दुसरा आवाज कुठेच नाही. फक्त प्रत्येक वाक्याआधी रेखा किंचित थांबते आणि डाव्या विंगेकडे कान देते. तिथे मी उभा होतो. एकटाच.

कुणाला याचा उलगडा होत असेल तर जरूर सांगा. 'संगीत पुष्करिणी'चे लेखक सखाराम भिकाजी नेवरेकर.