सुजाताच्या जागेवर कोणी बसायचं नाही

ऑटो धुवायला काढला की सीटखाली काय काय सापडतं. केसांचे रबर, पेनांची टोपणं, अर्धी चाटलेली चिंच. एकदा तर एका पायातली चप्पल सापडली. ती पोरगी एका चपलेवर घरी गेली आणि तिच्या लक्षातही आलं नाही! किस्से तसेच साचतात. कोणी मुद्दाम ठेवून जात नाही, कोणी परत मागायलाही येत नाही.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. बोलतो हळू. माझं एक वाक्य संपेपर्यंत पोरी उतरून कॉलेजच्या गेटात शिरलेल्या असतात. त्यामुळे माझं सांगायचं बरंच राहून गेलं आहे.

आमच्या खेड्यातून अमडापूरला मी बारावीच्या तीन पोरींना रोज नेत-आणत होतो. पल्लवी, शिरीन आणि सुजाता. हे किस्से त्या वर्षाचे. त्या वर्षी सुजाताची आई गेली, आणि सुजाता परीक्षेला बसणार की चुलीपाशी बसणार, हे कोणालाच सांगता येत नव्हतं.

*

पल्लवी मोबाइलवर एक मालिका पाहायची. कुठल्यातरी परदेशातलं कॉलेज, तिथली पोरं आपल्या पोरींच्याच वयाची, पण धड एकही नाही. एकीला मेलेली माणसं दिसतात, एक पोरगा रक्त पितो, दुसरा पौर्णिमेला लांडगा होतो. पाहिलेला भाग पल्लवी सकाळी ऑटोत सांगायची, हात हलवून, आवाज काढून. आरशात मला तिचे हातच जास्त दिसायचे.

एकदा मी विचारलं, "तो लांडगा होते, हे त्याच्या घरी माहीत हाय का?"

"नाही ना, आबाजी! त्याचंच तं सारं टेन्शन हाय."

"मंग त्याच्या घरी बकऱ्या नसतीन."

पल्लवी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने पुढचा भाग काढला, तशी कधी फारसं न बोलणारी सुजाता म्हणाली, "थांब वं. आधी आबाजीले सांग, बकऱ्या किती उरल्या."

*

पुढे त्यांना माझाच संशय आला. मी त्यांच्यासमोर कधी काही खात नव्हतो. ऑटो नेहमी सावलीत लावायचो. उन्हात माझ्या डोळ्यांना पाणी येतं. हे सगळं त्या मालिकेतल्या रक्त पिणाऱ्याशी जुळत होतं म्हणे. त्याला लसूणही सोसत नाही आणि तो आरशातही दिसत नाही.

एके दिवशी शिरीनने डबा पुढे केला. "आबाजी, अम्मीनं लसनाची चटनी देल्ली. घ्या ना थोडी."

"नको बाई. लसून मले चालत नाही."

शिरीनने डबा मागे घेतला. पल्लवीने हळूच विचारलं, "काय होते लसनानं?"

"छातीत आग पडते."

मला अ‍ॅसिडिटी आहे, हे पुढचं वाक्य मी म्हणणार होतो, तेवढ्यात अमडापूर आलं.

दुसऱ्या दिवशी शिरीनने माझ्या मानेमागे छोटा आरसा धरला. "दिसून राह्यले वं," ती कुजबुजली. पल्लवीचं समाधान होईना. "म्हातारे झाल्यावर दिसत असतीन."

शेवटी सुजाताने निकाल दिला. "रक्त पेनाऱ्याच्या अंगात ताकद असते. आबाजीले हॉर्न वाजवाची ताकद नाही."

*

सुजाताची आई सुनंदा दोन दिवसांच्या तापाने दवाखान्यात वारली. पावसाळा संपत आला होता.

त्यानंतर सुजाता आली नाही. आठवडा गेला, पंधरा दिवस गेले. तिची जागा उजवीकडची, खांबाला धरून बसायची. पल्लवी आणि शिरीन त्या जागेवर सरकल्या नाहीत. दोघी डावीकडे दाटीने बसायच्या, आणि उजवीकडची मोकळी सीट उन्हाने तापत राहायची. मी आरशात पाहायचो आणि मला उगीच पुन्हा पुन्हा पाहावंसं वाटायचं.

एका बाजाराच्या दिवशी वांग्यांची टोपली घेतलेल्या एका बाईने हात केला. "भाऊ, जागा हाय की खाली."

मी थांबलो. पल्लवी आतून म्हणाली, "तिथं बसेल हाय."

बाईने सीटकडे पाहिलं. मग पल्लवीकडे, मग शिरीनकडे. दोघींचे चेहरे अगदी सरळ होते.

"कोन बसेल हाय?"

"सुजाता."

बाईने टोपली पुन्हा डोक्यावर घेतली. पुढचे दीड किलोमीटर ती पायी गेली, आणि मी इतका हळू चालवतो की ती आमच्या पुढेच होती.

*

बारावीच्या परीक्षेच्या फॉर्मवर पालकाची सही लागते. सुजाताचा फॉर्म शिरीनने कॉलेजातून आणून दप्तरात ठेवला होता. शनिवार शेवटचा दिवस. मी मंगळवारी सुजाताच्या बापाकडे गेलो.

वामन गवंडी काम करतो. हाताला स्वच्छ, बोलायला सरळ. घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली पोरांची पुस्तकं एकावर एक रचलेली. ती पुस्तकं त्यानेच रचली होती, म्हणून मला बोलायचा धीर आला.

"आबाजी," माझं वाक्य अर्ध्यात असताना तोच म्हणाला, "लहाना पाचवीत हाय. मी सातले कामावर जातो. घर कोन पाह्यन? पुढच्या साली पाहू."

पुढच्या साली म्हणून राहिलेल्या पोरी मी गावात पुष्कळ पाहिल्या. त्यातलीच एक माझी बायको.

मी चहा पिऊन परत आलो. त्या आठवड्यात मला एका जागी बसवेना. ऑटो दोनदा धुतला.

*

वामन काय माणूस आहे, ते सांगायला हवं.

काही वर्षांपूर्वी गावात एक बाबा आला होता. त्याने हातपंपापाशी सात लिंबं मांडली, प्रत्येकाला टाचण्या टोचल्या, आणि सांगितलं की जो हात लावील तो संध्याकाळ पाहणार नाही. दुपारपर्यंत कोणी पाणी भरलं नाही. बाया रिकाम्या घागरी घेऊन लांब उभ्या.

वामन कामावरून आला. त्याने लिंबं गोळा केली, टाचण्या काढून खिशात ठेवल्या, घरून साखर आणि तांब्या आणला आणि सगळ्यांसमोर सरबत करून प्यायला.

लोक त्याच्याकडे टक लावून पाहत राहिले. बाबाही पाहत राहिला. बराच वेळ गेला. शेवटी सरपंचाने विचारलं, "वामन, काही होऊन राह्यलं का?"

"हाव," वामन म्हणाला. "साखर कमी पडली."

*

आणि अशा माणसापुढे पल्लवीने अंगात आणायचं ठरवलं!

त्या मालिकेत एक भाग होता म्हणे, दोघी तो पाहून रडल्या होत्या. एका पोरीची आई मरते, आणि तिला जे बोलायचं राहिलं ते ती पोरीच्या मैत्रिणीच्या तोंडून बोलते. पल्लवीने तो भाग मला बुधवारी सांगितला आणि गुरुवारी केस मोकळे सोडून ऑटोत तालीम सुरू केली.

"मी सुनंदाऽ आली... पोरीचा फॉर्म भराऽ..."

"आवाज जाडा कर," शिरीन म्हणाली. "आनि डोळे पांढरे कर."

पल्लवीने केस पुढे घेऊन मान फिरवायला सुरुवात केली. समोरून मोटारसायकलवर एक जण येत होता. त्याने गाडी बाजूला घेतली, उतरला, चप्पल काढली आणि आम्ही पुढे जाईपर्यंत हात जोडून उभा राहिला.

"पाह्यलं आबाजी? चालते," पल्लवी म्हणाली.

मी म्हणालो, "बाई, वामन हे मानत नाही. त्याच्या घरात हे कधी झालंच नाही. त्याची बायको जाऊन दोन महिने नाही झाले. त्याले लागंन..."

मी एवढं सगळं बोललो, पण अर्धं गेटाशी बोललो. पोरी आत गेल्या होत्या.

*

शुक्रवारी दुपारी परत येताना त्यांनी मला वामनच्या दारात ऑटो थांबवायला लावला. मी नाही म्हणायला हवं होतं. मी त्यांच्यामागे आत गेलो. काही बिघडलं तर निदान मोठं माणूस जवळ असावं, एवढंच मनात होतं.

वामन त्या दिवशी लवकर घरी आला होता. चुलीला तडा गेला होता, तो मातीने लिंपत होता. सुजाता दुसऱ्या चुलीवर भाकरी टाकत होती. मैत्रिणींना पाहून ती हसली, आणि पल्लवीने केस मोकळे सोडताच तिचं हसू गेलं.

पल्लवी जमिनीवर बसून घुमायला लागली. "मी आलीऽ... मी सुनंदाऽ... पोरीचा फॉर्मऽ..."

"पल्ले, ऊठ," सुजाता दबक्या आवाजात म्हणाली. "ऊठ वं. बाबा हायेत."

शिरीन दप्तर छातीशी धरून भिंतीला टेकली. मी एक पाऊल पुढे टाकलं. वामनचे हात मातीत तसेच होते. तो पल्लवीकडे पाहत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून मी वाट पाहत होतो.

"थांब," तो सुजाताला म्हणाला.

मग तो पल्लवीच्या समोर उकिडवा बसला. "सुनंदा," तो म्हणाला. "त्या दिवशी डॉक्टरनं मले औषध आनाले पाठोलं. दुकानात गर्दी होती. मी येऊन पाह्यतो तं..." त्याने हातातल्या मातीकडे पाहिलं. "मी नसताना तू आवाज देल्ला होता का मले?"

पल्लवीची मान फिरायची थांबली. हे तालमीत नव्हतं. तालीम माझ्याच ऑटोत झाली होती, मला माहीत आहे. केसांआडून तिचा चेहरा दिसत नव्हता. तव्यावर भाकरी करपत होती आणि ती उलटायला कोणी हात लावत नव्हतं.

"नाही हो," पल्लवी म्हणाली. आवाज जाड नव्हता, घुमणाराही नव्हता. "मले झोप लागली होती."

वामनने शेजारच्या बादलीत हात बुडवले, बोटांच्या बेचक्यांतली माती नीट काढली, आणि सदऱ्याला हात कोरडे केले.

"बरं," तो म्हणाला. "आता तू फॉर्मचं काय म्हनत होती, ते सांग."